फायबरच्या होडीचा डेक: भेगा, टवका आणि पायाखाली दबणारी जागा

खारं_पाणी

६ मीटरची फायबरची मासेमारी होडी आहे. डेक सँडविच पद्धतीचा, म्हणजे वर-खाली फायबर आणि मध्ये १२ मिमी प्लायवूड. बिघाड तीन ठिकाणी आहे.

जाळं ओढायच्या कप्पीचा खांब जिथे बसवलाय, तिथे जेलकोटवर (फायबरवरच्या रंगीत रेझिनच्या थरावर) चारही बाजूंना बारीक भेगा पसरल्या आहेत. नाळेजवळच्या क्लीटपाशी (दोर बांधायच्या खुंटीपाशी) पाय दिला की डेक किंचित दबतो आणि बोल्टच्या कडेने तांबूस पाणी झिरपल्याचे डाग दिसतात. मासळीच्या खणाच्या झाकणाशेजारी नांगर पडून टवका उडालाय. जागा १५ × १० सेंमी, आतले काचेचे धागे उघडे पडलेत, पण आरपार भोक नाही.

गाडीच्या पत्र्याला लावतात ती पुटी भरून वर रंग मारला तर चालेल का? आणि रेझिन पॉलिस्टर घ्यावं की इपॉक्सी?

डोलकाठी

ती पुटी डेकवर अजिबात नको. तिच्यात भरीला टाल्क असतो आणि ती पाणी शोषते. गाडीवर रंगाखाली ती कोरडी राहते. डेकवर खारं पाणी तासन् तास उभं असतं, त्यामुळे ती आधी फुगते आणि मग खालून सुटते.

तुमचे तिन्ही बिघाड वेगवेगळे आहेत. एकच उपाय सगळीकडे लावू नका. भेगा आधी नीट वाचा. एका बिंदूपासून ताऱ्यासारख्या निघालेल्या भेगा म्हणजे काहीतरी जड पडलं. एका ओळीत समांतर गेलेल्या भेगा म्हणजे डेक तिथे वाकतोय. खांब किंवा क्लीटभोवती वर्तुळात आलेल्या भेगा म्हणजे तो खांब ओढाताणीत हलतोय आणि खाली त्याला पुरेसा आधार नाही. डेकभर जाळीसारख्या भेगा असतील तर बहुतेक वेळा जेलकोटच जास्त जाड बसलेला असतो. तो साधारण अर्धा मिमी हवा. पाऊण-एक मिमी झाला की फायबर वाकताना तो तडकतो, कारण जेलकोटमध्ये काचेचे धागे नसतात.

म्हणून कप्पीच्या खांबाखाली आधाराची पट्टी न घालता नुसत्या भेगा बुजवल्यात, तर दुरुस्ती कितीही सुबक असली तरी भेगा पुन्हा त्याच जागी येतील.

आणि काहीही बुजवायच्या आधी पाणी आत कुठवर गेलंय ते शोधा. वरून पक्कं बंद केलंत की आतलं पाणी तिथेच अडकतं आणि प्लाय बंद डेकखाली कुजत राहतो.

जुनी_कप्पी

पाणी शोधायची पद्धत अशी. स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने दर ३–४ सेंमीवर डेक ठोकत जायचं. चांगल्या जागी आवाज टणक आणि उंच येतो. पापुद्रे सुटले असतील किंवा प्लाय भिजला असेल तर बद्द येतो. जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलने खूण करा. खुणा जोडल्या की नकाशाच तयार होतो. खाली आडवी तुळई असेल तिथेही आवाज बदलतो, तिला बिघाड समजू नका. त्यासाठी खालून एकदा बघून घ्या.

मग त्या नकाशात ५ मिमी ड्रिलने तीन-चार भोकं पाडा. फक्त वरचं फायबर आणि प्लाय, खालच्या थराला धक्का नको. ड्रिलच्या पात्याला काय चिकटून येतं ते बोटावर घेऊन बघा. फिकट, कोरडा, चुरचुरीत भुसा आला तर प्लाय ठीक आहे. काळपट, लिबलिबीत, कुबट वासाचा लगदा आला तर तो प्लाय संपला. भुसा ओलसर पण रंगाने फिकट असेल तर लाकूड अजून शाबूत आहे, पण पाणी येतंय.

खारं_पाणी

ठोकून आणि ड्रिल मारून पाहिलं. क्लीटभोवती साधारण ४० × ३० सेंमी जागा बद्द वाजते, तिथला भुसा काळा आणि ओला. त्याच्या पलीकडे कोरडा. टवक्याखालचा प्लाय कोरडा आहे, आणि तिथे वरचं फायबर ४ मिमी जाड भरलं. खांबाच्या बोल्टपाशीही कोरडं आहे.

क्लीटपाशी भोकं पाडून आत इंजेक्शनने इपॉक्सी सोडता येतं असं ऐकलंय. डेक कापणं वाचेल का?

जुनी_कप्पी

काळा लगदा निघाला असेल तर नाही. इपॉक्सी जिथे पाणी नाही तिथेच जातं. भिजलेल्या प्लायच्या छिद्रांत आधीच पाणी बसलंय, त्यामुळे रेझिन भोकाभोवती २–३ सेंमीची गोळी करून थांबतं आणि मधला भाग तसाच कुजका राहतो. प्लायमध्ये आडवे-उभे थर आणि मध्ये सरस असतो, म्हणून चार भोकं पाडून वाळवायला ठेवलं तरी आतला ओलावा निघत नाही. लाकूड कोरडं आहे आणि फक्त फायबर त्याच्यापासून सुटलंय, अशा पोकळीत इंजेक्शन उत्तम चालतं. तुमच्याकडे तसं नाही.

वल्हं

रेझिनच्या प्रश्नाचं उत्तर: टवक्याला पॉलिस्टर, क्लीटला इपॉक्सी.

पॉलिस्टर जुन्या पॉलिस्टरवर खरवडलेल्या पृष्ठभागाला पकडून बसतं. टवक्याला तेवढं पुरतं, आणि वर जेलकोट लावता येतो. व्हिनिलएस्टर मिळालं तर पकड आणखी चांगली. लाकडावर मात्र पॉलिस्टरची पकड कमकुवत असते, कालांतराने पापुद्रा सुटतो. प्लाय चिकटवायला इपॉक्सीच हवं.

दोन गोष्टींची गल्लत करू नका. इपॉक्सी जुन्या पॉलिस्टरवर उत्तम चिकटतं, पण इपॉक्सीवर पॉलिस्टर किंवा जेलकोट भरवशाचा बसत नाही. म्हणून क्लीटच्या भागावर शेवटी जेलकोट नाही, तर इपॉक्सी प्रायमर आणि वर दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग. दुसरं म्हणजे चॉप मॅट (काचेच्या धाग्यांच्या तुकड्यांची चादर) इपॉक्सीबरोबर वापरायची नाही. मॅटमधले तुकडे ज्या बंधकाने धरलेले असतात तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं. त्यामुळे मॅट कडक राहते आणि तिच्याखाली हवा अडकते. इपॉक्सीसाठी दोन दिशांच्या धाग्यांचं शिवलेलं बायअ‍ॅक्सियल कापड किंवा विणलेलं कापड घ्या.

डोलकाठी

टवक्याचं काम क्रमाने लिहितो.

आधी गोड्या पाण्याने मीठ धुवा आणि कोरडं होऊ द्या. मग ॲसिटोनने पुसा, आणि ग्राइंडर त्यानंतरच. हा क्रम उलटा झाला तर डेकवरचं वॅक्स, डिझेल, माशांचं तेल घासण्याच्या ओरखड्यांत रगडलं जातं आणि नंतर ते निघत नाही. एका फडक्याने ओलं करायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. एकच फडकं फिरवत राहिलात तर तेल फक्त पसरतं.

मग ३६ किंवा ४० नंबरच्या डिस्कने सुटलेले, पांढरे पडलेले धागे काढा. पांढरं दिसतंय म्हणजे तिथे रेझिन काचेपासून सुटलंय. पारदर्शक हिरवट-पिवळट फायबर लागेपर्यंत जायचं. त्यानंतर कडेला उतार द्या, जाडीच्या १२ पट. ४ मिमी जाडीला ४८ मिमी, म्हणजे खड्डा वरच्या बाजूला सर्व बाजूंनी ५ सेंमी वाढून सुमारे २५ × २० सेंमी होतो. खड्डा एवढा वाढवणं जिवावर येतं हे कळतं, पण दुरुस्तीची ताकद या उतारातूनच येते. उभ्या कडेला नवीन फायबर फक्त ४ मिमी चिकटतं, उतारावर ५ सेंमी. उताराच्या बाहेर आणखी ३ सेंमी जेलकोट ८० नंबरने घासून ठेवा.

४५० ग्रॅमच्या चॉप मॅटचा एक थर हाताने घातला की साधारण १ मिमी होतो. म्हणजे चार थर. सरासरी आकार २० × १५ सेंमी धरला तर चार थरांची काच ५५ ग्रॅमच्या आसपास, आणि मॅटला वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझिन लागतं, म्हणजे १२५–१४०. ब्रश-भांड्यात राहणारं धरून १५० ग्रॅम घ्या. कॅटॅलिस्ट (पॉलिस्टर सेट करणारं रसायन) दीड टक्का, म्हणजे सव्वादोन ग्रॅम किंवा अंदाजे २ मिली. एवढं थोडं मोजायला सुईशिवायची सिरिंज वापरा. झाकणाने किंवा डोळ्याने ओतू नका.

मॅटचे तुकडे कात्रीने न कापता हाताने फाडा. फाटलेली कड विरळ असते, ती उतारात मिसळून जाते.

नांगरदोर

कोबाल्टबद्दल आधी वाचा, मगच डबा उघडा.

कोबाल्ट म्हणजे रेझिन सेट होण्याचा वेग वाढवणारा अ‍ॅक्सलरेटर. काही रेझिनमध्ये अ‍ॅक्सलरेटर कारखान्यातच घातलेला असतो, काहींमध्ये वेगळा घालावा लागतो. आधीच घातलेलं रेझिन सहसा गुलाबी-जांभळट दिसतं, पण रंगावर विसंबू नका, डब्यावरची सूचना बघा. वेगळा घालायचा असेल तर कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटून घ्या आणि नंतरच कॅटॅलिस्ट टाका. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. एकच चमचा, एकच सिरिंज दोन्हींना वापरायची नाही. थेट संपर्क आला तर पेट घेतो, स्फोटही होतो. बरेच कारागीर कॅटॅलिस्टला हार्डनर म्हणतात, त्यामुळे बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहा आणि त्या लांब-लांब ठेवा.

कॅटॅलिस्ट डोळ्यात गेला तर बुबुळ कायमचं खराब होऊ शकतं. चष्मा लावा. एक थेंब जरी उडाला तरी सलग १५ मिनिटं पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

स्टायरीनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती मासळीच्या खणात आणि डेकखाली उतरून साचते. वर मोकळं वाटलं तरी खाली वाकणाऱ्याला गुंगी येते. स्टायरीन ३१ अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि ॲसिटोन तर त्याहून कितीतरी आधी. ग्राइंडरची ठिणगी, इंजिन, विडी काहीही जवळ नको. रेझिनच्या कामाला सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क आणि नायट्राइल हातमोजे, घासताना धुळीचा मास्क. कापडी रुमाल दोन्हींसाठी निरुपयोगी.

उरलेलं रेझिन डब्यात खोल ठेवू नका, ते तापून धूर सोडतं. उथळ पसरून मोकळ्या हवेत सेट होऊ द्या.

वल्हं

थर घालताना: आधी खरवडलेल्या जागेवर नुसत्या रेझिनचा हात द्या, मग त्यावर मॅट. म्हणजे मॅट खालून वर भिजते आणि हवा वर निघते. कोरड्या जागेवर मॅट ठेवून वरून ओतलंत तर बुडबुडे तळाशी अडकतात. ब्रश ओढायचा नाही, टोचायचा. ओढला की तुकडे गोळा होतात. मॅटचा पांढरेपणा जाऊन ती पारदर्शक झाली की खाचांचा लोखंडी रोलर मधून कडेकडे फिरवा. वर रेझिनचं तळं साचलं असेल तर ते जास्त झालंय. ते ताकद वाढवत नाही, ठिसूळ करतं.

चार थर एका बैठकीत चालतील. त्याहून जाड काम असेल तर दोन बैठकींत करा, नाहीतर उष्णतेने रेझिन तडकतं आणि कडेला ओढलं जातं.

दर्यावर्दी

थरांचा क्रम कुणी लिहिला नाही. लहान तुकडा आधी की मोठा?

डोलकाठी

लहान आधी. खड्ड्याच्या तळाच्या मापाचा पहिला, मग वाढत वाढत. जुने थर उतारावर जसे उघडे पडलेत तसेच नवे त्यांना जाऊन भिडतात.

वल्हं

मोठा आधी, असं माझं मत. मोठा तुकडा सगळ्या उतारावर एकसंध चिकटतो. लहान आधी घातलात तर सर्वांत मोठा थर सर्वांत वर येतो, आणि नंतर सपाटी करताना पॉलिश पेपरखाली नेमका तोच कापला जातो.

डोलकाठी

हे कापलं जाणं खरं आहे, म्हणूनच मॅट डेकच्या पातळीपेक्षा अर्धा मिमी खोल थांबवायची. डेकच्या टवक्यावर दोन्ही पद्धती टिकतात. उतार १२ पट असला आणि काच नीट भिजली तर क्रमाने फारसा फरक पडत नाही. उतार नसेल तर दोन्ही क्रम सारखेच सुटतात.

खारं_पाणी

आता क्लीटचा भाग कसा कापायचा?

जुनी_कप्पी

क्लीट काढा. बद्द वाजलेल्या रेषेच्या बाहेर ३–४ सेंमी रेषा आखा, कोपरे गोल ठेवा. चौकोनी कोपऱ्यातून भेग फुटते. करवतीची खोली फक्त वरच्या फायबरएवढी, ४ मिमी. चुकून खालचा थर कापलात तर काम दुप्पट. वरचं कातडं पटाशीने हळूहळू उचला आणि जपून ठेवा, तेच परत बसवायचंय. त्याची दिशा बाणाने लिहून ठेवा.

कुजका प्लाय पटाशीने काढत जा, कडेला कोरडं फिकट लाकूड लागेपर्यंत. रेषेपलीकडे ओल गेली असेल तर रेषा वाढवा, तिथे तडजोड नको. खालचा थर ६० नंबरने घासा. मग वाळवा. वाळलंय का ते असं बघा: पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून ओल आहे.

नवा तुकडा मरीन प्लायचा, कडेला ३ मिमी मोकळा. त्यात दर १० सेंमीवर ५ मिमीची भोकं पाडा, दाबताना हवा आणि जादा मसाला (घट्ट केलेलं इपॉक्सी) तिथून वर येतो. प्लायच्या सगळ्या बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडांना, नुसत्या इपॉक्सीचे दोन हात द्या. कड पाणी पिते, तिला जास्त लागतं. मग त्याच इपॉक्सीत फ्यूम्ड सिलिका (घट्टपणा आणणारी हलकी पूड) घालून मसाला रंगाऱ्याच्या पुटीएवढा घट्ट करा, उभ्या पट्टीवर ओघळणार नाही इतका. खाचांच्या पट्टीने खाली पसरवा, तुकडा बसवा, वर वजन. भोकांतून मसाला वर आला नाही तर तिथे खाली पोकळी आहे, तुकडा उचलून मसाला वाढवा. वरचं कातडं याच पद्धतीने, आतून घासून परत बसवा. प्लायखालचा आणि कातड्याखालचा थर प्रत्येकी ३ मिमी धरला तर या जागेला एक लिटरच्या आसपास मसाला, कडा आणि कापड धरून दीड लिटर इपॉक्सी जवळ असावं.

सांध्याला दोन्ही बाजूंनी १२ पट उतार, म्हणजे सुमारे १० सेंमी रुंद उथळ चर. तो ६०० ग्रॅमच्या बायअ‍ॅक्सियल पट्ट्यांनी भरा. एक थर साधारण पाऊण मिमी होतो, पाच लागतील.

इपॉक्सीत हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच. लवकर सेट व्हावं म्हणून वाढवलंत तर ते रबरासारखं मऊ राहतं. पॉलिस्टरमध्ये १ ते २ टक्क्यांत खेळता येतं, इथे नाही. वजनाचं प्रमाण आणि मापाचं प्रमाण वेगळं असतं, तेही तपासा. सेट झाल्यावर वर मेणचट थर येतो, तो पाण्याने आणि खरखरीत स्क्रबरने धुवा, मगच घासा. आधी घासलात तर पेपर भरतो आणि रंग सुटतो.

खारं_पाणी

टवका भरून झाला. वरून जेलकोट लावला, २४ तास झाले तरी बोटाला चिकटतोय.

वल्हं

नखाने दाबून बघा. खाली टणक आणि फक्त वरचा पापुद्रा चिकट असेल तर हवेमुळे झालंय. पॉलिस्टरच्या पृष्ठभागाला ऑक्सिजन लागला की तो सेट होत नाही. मधल्या थरांत हे बरं असतं, पुढचा थर नीट चिकटतो. शेवटच्या जेलकोटमध्ये मात्र स्टायरीनमध्ये विरघळवलेलं मेण घालावं लागतं, किंवा लावल्यावर वरून पॉलिएस्टर फिल्म किंवा पीव्हीएचा (हवा अडवणाऱ्या पातळ पडद्याचा) हात. आता ॲसिटोनने चिकटपणा पुसा, घासा, पुन्हा पातळ हात द्या, या वेळी मेण घालून.

नख आत रुतलं तर कॅटॅलिस्ट कमी पडला किंवा गारठ्यात काम झालं. मग सगळा खरवडून काढा, त्यावर दुसरा थर घालून काही साधत नाही. १५ अंशांखाली हे काम करू नका. कडक उन्हात तापलेल्या डेकवरही नको, वरून लवकर सेट होऊन सुरकुत्या येतात. पहाटेचं दव पूर्ण उडू द्या.

खारं_पाणी

नख रुतत नाही, फक्त वरून चिकट आहे. तसंच करतो. खांबाभोवतीच्या भेगांना काय?

डोलकाठी

खांब काढा, खाली आधाराची पट्टी बसवायची तयारी करा आणि मग भेगा. केसाएवढ्या भेगेवर जेलकोट फासला तर तो आत जातच नाही. त्रिकोणी पात्याच्या खरवडणीने प्रत्येक भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडा, जेलकोट संपून फायबर दिसेपर्यंत. भेगेच्या टोकाला ३ मिमीचं उथळ भोक घ्या म्हणजे ती पुढे पळत नाही. फायबरही तडकलेलं दिसलं तर हे जेलकोटचं काम नाही, टवक्यासारखा उतार आणि मॅट.

जेलकोटमध्ये थोडी फ्यूम्ड सिलिका घाला, हळू घोटा. जोरात घोटलं की हवा शिरते आणि घासताना सुईच्या टोकाएवढी छिद्रं उघडतात. भेगेत किंचित फुगीर भरा, कारण सेट होताना तो आकसतो. मग २२० नंबरने, लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून सपाट करा. नुसत्या बोटांनी घासलात तर खळगा पडतो. पुढे ४००, ६००, ८०० पाण्यातून.

रंग जुळवताना आधी शेजारचा जुना डेक कंपाउंडने घासा, कारण वरचा खडूसारखा थर रंग फसवतो. नमुन्याचा ठिपका कॅटॅलिस्ट घालून सेट करूनच पाहा, ओला जेलकोट आणि सेट झालेला यांची छटा वेगळी असते. आणि जिथे चालायचंय तिथे चकाकी काढू नका. शेवटच्या ओल्या हातावर बारीक धुतलेली कोरडी वाळू चाळणीने सारखी पेरा, सेट झाल्यावर सुटी वाळू झाडा आणि वरून एक पातळ हात द्या. ओल्या डेकवर गुळगुळीत ठिगळ म्हणजे पाय घसरायची जागा.

खारं_पाणी

क्लीट बसवताना पुन्हा पाणी जाऊ नये म्हणून?

जुनी_कप्पी

८ मिमी बोल्टसाठी १६ मिमीचं भोक पाडा, वरचं फायबर आणि प्लाय यांतून, खालचा थर ठेवून. ते घट्ट इपॉक्सीने भरा, सेट झाल्यावर त्याच्या मधोमध ८.५ मिमीने आरपार. आता बोल्टचा प्लायशी संबंधच नाही, सील गेलं तरी पाणी फक्त इपॉक्सीला लागतं. खांबाच्या बोल्टनाही हेच करा.

भोकाच्या वरच्या कडेला काउंटरसिंकने हलका तिरका उतार द्या, म्हणजे जेलकोट तडकत नाही आणि सीलंटची कडी तिथे बसते. सीलंट पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड. सिलिकोन नको, ते निघालं तरी त्याचा अंश राहतो आणि त्यावर पुढे कधी रंग किंवा रेझिन धरत नाही. खाली गोल कोपऱ्यांची आधारपट्टी, क्लीटच्या बुडापेक्षा सर्व बाजूंनी निदान ३–४ सेंमी मोठी. सामान्य वॉशर एवढा भार पसरवू शकत नाही.

इपॉक्सी हाताला कडक लागलं तरी पूर्ण ताकद यायला साधारण आठवडा लागतो, तोवर क्लीटला दोर बांधू नका. आवळताना एकाने वरून बोल्टचं डोकं घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने खालून फक्त नट फिरवायचा. बोल्ट फिरला तर त्याच्याभोवती बसलेलं सीलंट फाटतं, आणि पाण्याला नेमकी तीच वाट मिळते.